न्हाणीतला आषाढ

वैशाखात दुपारी वारंगा फाट्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. रस्त्यापलीकडची माणसं उन्हात अशी हलताना दिसतात की वाटावं पाण्याच्या तळाशी चालली आहेत. त्या वेळी मी आमच्या शेडच्या न्हाणीत आषाढ करून बसलेली असते.

न्हाणी म्हणजे शेडच्या मागची लहानशी खोली. पूर्वी बाया तिथे हातपाय धुवायच्या. आता तिच्या चारी भिंतींवर ओली गोणपाटं टांगलेली आहेत, कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं वाफाळत असतं आणि मधल्या फळीवर कंपनीचा नवा माल मांडलेला असतो. गोणपाटं वाळू द्यायची नाहीत, पातेलं आटू द्यायचं नाही आणि रोज प्रत्येक वस्तू बोटानं दाबून बघायची, एवढं माझं काम. दाराशी माझं स्टूल आहे. त्या ओलसर अंधारात डोळा लागतो. जाग आली की कळत नाही कोणता महिना चालू आहे. दार किलकिलं करून बघते तर बाहेर पांढरं ऊन. पुन्हा लावून घेते.

हे काम मला माझ्या एका चुकीमुळे मिळालं. चूक हातून झालेली नव्हती, तोंडातून झाली होती. बोलायच्या वेळी मी बोलले नाही.

कंपनी हा शब्द मोठा आहे. आम्ही गावातल्या अकरा बाया, आधी बचत गट होतो. माझी सून शिकलेली, तिनं कागदपत्रं करून त्याची कंपनी केली. मी चौथी पास. कंपनीत मी एकच वस्तू आणली, ओल्या हळदीचं लोणचं.

ते लोणचं मला लवकर जमलं नाही. पहिल्या वर्षी फोडी जाड राहिल्या, कडवट झालं. दुसऱ्या वर्षी मिठाला हात आखडला, वर पांढरी बुरशी आली. तिसऱ्या वर्षी जमलं, तरी मी ते वर्षभर फळीवर ठेवलं. माझं माहेर डोंगरकडा गावाच्या बाजूचं. आमच्या घरी रीतच होती की नवं लोणचं, नवा पापड, काहीही असो, एक पावसाळा घरात काढल्याशिवाय उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही. कोरड्या हवेत सगळंच चांगलं वाटतं. ओल आली की वस्तू आपला खरा गुण दाखवते.

तोवर वसमतकडच्या दुसऱ्या एका गटानं हळदीचं लोणचं बाजारात आणलंसुद्धा. त्याचा रंग काळपट होता, पण लोक घेत होते. सून मला म्हणाली,

"आत्या, तुमचं लोणचं मुरून राहिलं, तवर लोकाइनं दुसऱ्याचं खाऊन बरण्या बी धुऊन टाकल्या."

ती बोलली ते खरं होतं. मला राग आला, पण ते खरंच होतं.

आमचं लोणचं निघालं आणि मग मात्र चाललं. ज्यानं एकदा नेलं तो परत आला. पण ओली हळद माघ-फाल्गुनात निघते. तेवढ्या दिवसांत चिरायचं, घालायचं, भरायचं. चैत्र सरला की शेडला कुलूप. अकरा बाया अकरा दिशांना. कोणी दुसऱ्याच्या रानात तण निंदायला, कोणी बाळापूरला धुणीभांडी करायला. आमची गिरणी चालवणारी एक बाई होती. उंच, बोलायला फटकळ. ती नवऱ्यासोबत पुण्याला बांधकामावर जायची. लेकरू सासूजवळ ठेवायची. दर साली जाताना गिरणीवर पोतं झाकायची आणि त्या पोत्याला म्हणायची, "झोप आता." मला ते ऐकायला आवडायचं नाही.

सुनेला एकच गोष्ट करायची होती. शेडला कुलूप लागू द्यायचं नव्हतं. बाकी ती जे काही बोलायची, मशीन, पाकिटं, दुकानं, ते सगळं त्या कुलपापाशी येऊन थांबायचं.

एका चैत्रात नांदेडचा दुकानदार आला. त्याची तीन-चार मोठी दुकानं. शेडमध्ये खुर्चीवर बसला, लोणचं चाटलं, बोट रुमालाला पुसलं.

"ताई, लोणचं झकास हाय. पण एका बरणीनं माझा कप्पा भरत न्हाई. मृग लागायच्या आत दुसरी वस्तू द्या. कप्पा वर्षभर तुमचा."

"आन् न्हाई दिली तं?" सुनेनं विचारलं.

"दुसरी पार्टी थांबून राहिली. मी काय कप्प्याला कुलूप लावू का?"

कुलूप हा शब्द त्यानं सहज वापरला. सुनेचा चेहरा मी बघितला.

दोन दिवस ती शेडकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी एक डबा घेऊन आली. हळदीची पूड, गुळाची पूड, सुंठ आणि मिरे. एक चमचा गरम दुधात टाकायचा की झालं. चव चांगली होती. मी खोटं बोलत नाही, मी दोन वाट्या प्यायले.

"कधी काढायचं म्हणतीस?" मी विचारलं.

"महिन्याभरात."

"आषाढ बघू दे त्याला. गूळ हाय त्यात."

"आषाढ बघत बसलो तं कप्पा जाईल, आत्या."

"गेला तं गेला. वस्तू वाईट निघाली तं नाव जाईल."

गिरणीवाली पूड चाळत होती. चाळणी न थांबवता म्हणाली, "काकू, आषाढ काय, दर साली येतो. कप्पा न्हाई येत."

सगळ्या हसल्या. सून हसली नाही. ती मला म्हणाली, "आत्या, तुमच्या पाया पडते, पण या वस्तूच्या मधी बोलू नका." मी बरं म्हटलं. एकदा बरं म्हटलं की मी हलत नाही, हा माझा गुण आहे असं मला तेव्हा वाटायचं.

तो वैशाख मला अजून डोळे मिटले की दिसतो. शेडच्या पत्र्याला भोकं आहेत. त्यातून उन्हाच्या काड्या खाली येतात आणि हळद दळताना उडालेली धूळ त्या काड्यांत वर-खाली तरंगत राहते. सगळं पिवळं. बायांच्या भुवया पिवळ्या, दाराशी झोपणारं कुत्रं पिवळं, माझ्या लुगड्याचा काठ पिवळा. गिरणीचा आवाज एकसुरी. मी पोत्यांना टेकून बसायचे आणि जागेपणी मला वाटायचं की शेड जमिनीवरून थोडी वर उचलली गेली आहे, आणि आम्ही अकराही जणी तिच्यात बसून संथ कुठेतरी चाललो आहोत. कोणाला घाई नाही. खरं तर घाई तेवढीच होती.

अकरा बायांनी अकरा घरी पूड नेली. डब्यात ठेवली, उघडी ठेवली, चुलीजवळ ठेवली. आठ दिवसांनी बघितली तर वाळूसारखी मोकळी. सगळ्यांनी माल पास केला. आणि हीच आमची चूक. आम्ही सगळ्या वाळवण करणाऱ्या बाया. पापड, कुरड्या, सांडगे, तिखट, मसाले, जन्मभर जे केलं ते वैशाखात केलं आणि चांगलं-वाईट वैशाखातच ठरवलं. शहरातल्या कोणी ही पूड केली असती तर कदाचित पंख्याखाली, फ्रिजमध्ये, कुठे-कुठे ठेवून बघितली असती. आमच्या हाडातच उन्हाळा आहे.

मृगाच्या आठ दिवस आधी माल नांदेडला गेला. आणि खपला. नुसता खपला नाही, दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. दुसरी मागणी पहिलीच्या तिप्पट. सुनेनं शेडमध्ये पेढे वाटले. गिरणीवालीनं पुण्याला जायचं रद्द केलं. नवऱ्याला म्हणाली, तू जा, माझं काम इथं हाय. मला वाटलं, मी म्हातारी झाले. जग घाईनंच चालतं आणि ते बरोबर आहे.

तरी मी घरी एक वाटीभर पूड फळीवर ठेवली होती. कोणाला सांगितलं नव्हतं.

आषाढ लागला. भिंतींना ओल आली, काडेपेटी पेटेना. एका सकाळी मी वाटीतली पूड बोटानं दाबली. बोट उचललं तर त्याचा ठसा तसाच राहिला. बोटाच्या रेघासुद्धा दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी वाटी पालथी केली, पूड पडली नाही.

त्याच दिवशी शेडसमोर जीप उभी होती आणि दुसऱ्या मागणीची खोकी तिच्यात चढत होती. मी दाराशी उभी होते. सून एकेक खोकं मोजत होती, कपाळावरचा घाम मनगटानं पुसत होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. जीप फाट्याकडे वळली, पाण्याच्या डबक्यातून गेली आणि झाडांमागे दिसेनाशी झाली. मी घरी येऊन भाकरी खाल्ली.

आठ दिवसांत खोकी परत आली, त्याच जीपमधून. सुनेनं एक पाकीट घेऊन फरशीवर आपटलं. दगडासारखा आवाज झाला.

"दगड हाय, आत्या."

"मला ठाव हाय," मी म्हटलं. "जीप भरली त्या दिवशीच ठाव व्हतं. घरी वाटी ठेवली व्हती."

"मंग काहून न्हाई सांगितलं?"

"तूच म्हणली व्हतीस, मधी बोलू नका."

"ते वैशाखात म्हणले व्हते. आषाढात कोणी धरलं व्हतं तुमचं तोंड?"

यावर मला उत्तर होतं आणि मी ते दिलं. "मला खरं ठरायचं व्हतं."

मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. तिनं दोन्ही केलं नाही.

"ठरल्या ना मंग," ती म्हणाली. "आता खोकी उतरून घ्या."

मी खोकी उतरवली. माझ्या वयाला जमतील तेवढी. त्या दिवशी मला कोणी हात धरून बाजूला बसवलं नाही, आणि ते योग्यच होतं.

लोणच्यावर वर्षभरात जे मिळालं होतं ते सगळं त्या दगडांनी खाल्लं. सून माझ्याशी कामापुरतंच बोलायची. गिरणीवाली पुण्याच्या गाडीची चौकशी करू लागली. पण ती रिकामी बसणारी बाई नव्हती. एका दुपारी तिनं एक दगड मुसळानं फोडला, त्याचा तुकडा कपभर गरम दुधात टाकला आणि ढवळून प्यायली.

"वहिनी, विरघळून राहिला की! हे खराब न्हाई झालं. ह्याची आपोआप वडी झाली."

सुनेनं कपात डोकावून बघितलं. मग कपाटातून कागद घेतला. तिच्या डोक्यात काही आलं की ती आधी कागद शोधते. संध्याकाळी तिनं दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, पोळ्यापर्यंत कप्पा ठेवतो, पुढं न्हाई. पोळ्याला सव्वा महिना होता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आत्या, गुळाचा पाक तुमाला येतो."

"येतो."

"एका वडीत एक कप दूध झालं पायजे. आन् ह्यावेळेस बोला. रोज बोला. शिव्या द्या, पण बोला."

वड्या पहिल्याच दिवशी झाल्या. पाक मला लहानपणापासून येतो. पण त्या साली अर्धा आषाढ उलटला आणि पावसानं उघाड दिली. आमच्याकडे असं होतं. पंधरा-पंधरा दिवस नुसता वारा सुटतो, सोयाबीनची पानं दुपारी मान टाकतात. वड्या ताटात छान कोरड्या बसल्या. सगळ्या खूश. मी म्हटलं, "मी आता बोलते. ही वडी वैशाखातच बसली असं समजा. हवा कोरडी हाय. हिनं ओल बघितलेली न्हाई."

"मंग आणा पाऊस," सून म्हणाली. टोमणाच होता. तिच्या जागी मी असते तर मीही मारला असता.

मी घरी आले, पाणी तापवलं आणि न्हाणीत अंघोळीला बसले. आमच्या न्हाणीला खिडकी नाही. वाफ कोंडली होती. दगडावर बसल्या-बसल्या मला गुंगी आली. त्या गुंगीत मला आमची सगळी वर्षं एका ओळीत दिसली. चैत्रामागे वैशाख, वैशाखामागे ज्येष्ठ, पोती घेऊन निघालेल्या बायांसारखे एकामागे एक महिने चालले होते आणि मी रस्त्याच्या कडेला त्यांची वाट बघत उभी होते. आषाढ शेवटी होता. फार सावकाश येत होता. मी त्याला हाक मारली तरी तो पाय उचलेना. आणि मग माझा हात साबणाला लागला. साबण मऊ होता, लिबलिबीत. बारा महिने तो तसाच असतो. कोनाड्यातला मिठाचा खडा, जो मी दात घासायला ठेवते, तोही पाझरला होता. बाहेर वारा आणि इथे ओल.

मी लुगडं गुंडाळून तशीच शेडकडे निघाले. केस ओले. रस्त्यानं एक म्हातारा म्हणाला, "कुठं आग लागली?" मी म्हटलं, "तुमच्या घरी. पळा."

वड्या आम्ही शेडच्या न्हाणीत ठेवल्या. गोणपाटं ओली करून टांगली, पातेलं ठेवलं, दार लावलं. पहिली वडी तीन दिवसांत पाघळून फळीवरून खाली ओघळली. गिरणीवाली म्हणाली, "काकू, हिला तं लई रडू येऊन राहिलं." पाक आणखी कडक केला. दुसरी वडी पाघळली नाही, पण तिला घाम फुटला, बोटाला चिकटायची. तिसऱ्या वेळी वडी फुटाण्याच्या पिठात घोळवली आणि एकेक चांदीसारख्या कागदात गुंडाळली. ती आठ दिवस टिकली. आणखी आठ दिवस ठेवली, टिकली. मी रोज दाबत होते. रोज शेडमध्ये जाऊन मोठ्यानं सांगत होते, चांगलं असो की वाईट. सून मान हलवायची आणि कागदावर लिहायची.

जे बघायला माझ्या माहेरी एक पावसाळा लागायचा, ते आम्ही त्या खोलीत पंधरवड्यात बघितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी माल नांदेडला पोचला. दुकानदारानं एक वडी दाबून बघितली, एक खाल्ली आणि दोन खिशात टाकल्या. भादव्यात पाऊस मन लावून पडला. मी रोज फोनची वाट बघत होते, खोकी परत येतील म्हणून. आली नाहीत.

त्या भादव्यात शेडला कुलूप नव्हतं. बाहेर पाणी, आत दिवा लावलेला, पिवळी धूळ दिव्याभोवती फिरत होती आणि गिरणीवाली गिरणीला शिव्या देत होती, कारण पट्टा घसरत होता. तिचं लेकरू पोत्यांच्या राशीवर झोपलं होतं. मी त्याला उठवून खाली उतरवलं. पोती मालाची होती.

आता लोक सुनेला एकच विचारतात. मध्ये बाहेरगावचे काही कंपनीवाले शेड बघायला आले, त्यांनीही तेच विचारलं, की भराभर नव्या वस्तू काढणं परवडतं का. सुनेनं त्यांना बरंच सांगितलं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की घाईनं केलेल्या पहिल्या वस्तूनं आम्हाला झोपवलं होतं. माझ्या सावकाश लोणच्याची कमाई नसती तर आम्ही उठलोच नसतो. पण सून घाई करत नसती तर कप्पा गेला असता, वडी झाली नसती आणि गिरणी पोत्याखाली झोपली असती. दोन्ही खरं आहे. त्यातून सोपं उत्तर निघत नाही, आणि मी ते काढतही बसत नाही. मला एवढं कळलं की वाट बघणं आणि पारखून बघणं या दोन गोष्टी मी जन्मभर एकच समजत होते. लोणचं मात्र मी अजूनही न्हाणीत ठेवत नाही. नव्या चवीचं असेल तर ते खराच पावसाळा बघेल. सून त्यावर भांडते. भांडू दे.

परवाचीच गोष्ट. भर वैशाख. तिळाची एक नवी वस्तू फळीवर होती, सहावा दिवस. सुनेनं पाच दिवसांतच ती पास धरली होती, बाहेर जीप भरत होती. मी स्टुलावर पेंगत होते. पातेलं गुणगुणत होतं, गोणपाटातून थेंब पडत होते, आणि मला वाटत होतं की मी कुठल्यातरी मोठ्या ढगाच्या पोटात बसले आहे आणि तो ढग वारंगा फाट्यावरून सावकाश चालला आहे. उठले, नेहमीसारखं एकेक दाबत गेले. शेवटच्या नगावर बोटाचा ठसा राहिला. रेघांसकट.

बाहेरून सुनेचा आवाज आला, "आत्या, निघू द्यायची का जीप?"

मी दार लाथेनं उघडलं. ऊन डोळ्यांत घुसलं, काही दिसेना.

"उतरव," मी ओरडले. "सगळी खोकी उतरव!"

"अवो, ड्रायव्हर बसला गाडीत!"

"त्याला बी उतरव!"

गिरणीवाली हसली. सून पुटपुटली, ते मला ऐकू आलं, मी लिहीत नाही. मग खोकी उतरवल्याचा आवाज येऊ लागला, एक, दोन, तीन. मी आत आले, दार लावून घेतलं आणि गोणपाटांवर पाणी मारलं.